धर्म, कायदा आणि नीती यांच्या जाहीर वादात कसे उतरावे

मंदिरप्रवेश, भोंगे, आंतरधर्मीय विवाह, समान नागरी कायदा, जातपंचायतीचा निवाडा, मिरवणुकीचा मार्ग यांपैकी एखाद्या प्रश्नावर सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या कोणालाही आज ना उद्या बोलावे लागतेच. कधी ते ग्रामसभेत असते, कधी गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत, कधी महाविद्यालयाच्या सभागृहात, तर कधी वर्तमानपत्राच्या वाचकपत्रात. बोलणाऱ्याची कळकळ बहुतेक वेळा खरी असते. तयारी मात्र तोकडी पडते, आणि तयारीची उणीव आवाज चढवून भरून काढली जाते. पुढील मार्गदर्शन अशा वादात बोलू, लिहू किंवा अध्यक्षपद सांभाळू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणे मुद्दाम महाराष्ट्राच्या इतिहासातील घेतली आहेत, कारण ते वाद कसे घातले गेले याची नोंद आपल्या हाताशी आहे आणि त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

विषय बाजूला ठेवा, मागणी लिहून काढा

‘महिला आणि मंदिर’ हा विषय झाला. त्यावर रात्रभर बोलता येईल आणि कशाचाच निर्णय होणार नाही. म्हणून सभेला जाण्यापूर्वी कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहावे: कोणी, कोणासाठी किंवा कोणाविरुद्ध, नेमके काय करावे असे आपले म्हणणे आहे? शनिशिंगणापूरच्या शनिदेवाच्या चौथऱ्यावर महिलांना असलेल्या बंदीचा वाद २०१६ साली पेटला तेव्हा या एका नावाखाली किमान चार वेगवेगळ्या मागण्या फिरत होत्या. देवस्थानच्या विश्वस्तांनी आपला नियम बदलावा, ही एक मागणी. अस्तित्वात असलेला कायदा शासनाने अमलात आणावा, ही दुसरी. चौथऱ्याकडे जाणाऱ्या महिलांना पोलिसांनी संरक्षण द्यावे, ही तिसरी. आणि भाविकांनीच आपली समजूत बदलावी, ही चौथी. यांपैकी पहिली आणि चौथी मागणी मन वळवण्याची आहे. दुसरी आणि तिसरी राज्यसत्तेने बळ वापरावे अशी आहे. मन वळवण्यासाठी लागणारे युक्तिवाद आणि सत्ता वापरण्याचे समर्थन करण्यासाठी लागणारे युक्तिवाद सारखे नसतात.

मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी या प्रकरणात जे सांगितले ते दुसऱ्या मागणीपुरते होते. हिंदूंच्या सार्वजनिक प्रार्थनास्थळी प्रवेशाचा अधिकार देणारा महाराष्ट्राचा कायदा १९५६ सालचा आहे. त्यानुसार जिथे पुरुषांना जाता येते तिथे महिलांना अडवता येत नाही आणि या हक्काचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. शनिदेवाला काय रुचते यावर न्यायालयाने भाष्य करण्याची गरजच नव्हती. आठवडाभरात, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानने महिलांना चौथरा खुला केला. त्यापूर्वी महिनोन्महिने झालेल्या चर्चांमध्ये साठ वर्षांपूर्वीच्या या कायद्याचा उल्लेख किती थोड्या लोकांनी केला होता हे आठवले, की मागणी आधी लिहून काढण्याचे महत्त्व पटते. मागणी शासनाकडे आहे हे एकदा ठरले, की ‘याबद्दल कायदा आधीच आहे काय?’ हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

तीन प्रश्न, तीन वेगळी उत्तरे

मागणी हातात आली की तिच्यापुढे तीन प्रश्न स्वतंत्रपणे ठेवावेत. ही गोष्ट त्या धर्मात सांगितलेली आहे काय? ही गोष्ट योग्य आहे काय? आणि ती राज्याने कायद्याने करायला लावावी किंवा बंद करावी काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांतून निघत नाहीत. एखादी प्रथा धर्मग्रंथात असूनही अयोग्य असू शकते. अयोग्य असूनही ती कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवणे शहाणपणाचे ठरू शकते. आणि ग्रंथात तिचा मागमूस नसताना ती निरुपद्रवी असू शकते. समोरच्याने एका प्रश्नाला दिलेल्या उत्तरावरून उरलेली दोन उत्तरे आपण गृहीत धरतो, तिथेच बहुतेक वाद नासतात.

हे नीट समजून घेण्यासाठी १८९१ च्या संमतिवयाच्या वादाइतके चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही. १८६० च्या दंडसंहितेत संमतिवय, म्हणजे ज्या वयाच्या आत मुलीशी केलेला संभोग बलात्कार ठरतो ते वय, दहा वर्षांचे होते आणि ते पत्नीलाही लागू होते. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी तिच्याहून कितीतरी मोठ्या नवऱ्याने केलेल्या संभोगामुळे मरण पावली. तिने दहा वर्षे ओलांडली होती, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू होऊ शकला नाही. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहाविरुद्ध १८८४ पासून चालवलेल्या चळवळीला या घटनेने धार आली. संमतिवय दहावरून बारा करणारे विधेयक जानेवारी १८९१ मध्ये मांडले गेले आणि १९ मार्चला मंजूर झाले. मधल्या दोन-अडीच महिन्यांत पुणे ढवळून निघाले.

विरोधकांचा धार्मिक आक्षेप असा होता, की प्रथम रजोदर्शनानंतर ठरावीक काळात गर्भाधान संस्कार, म्हणजे पतिपत्नींच्या पहिल्या समागमाचा विधी, करावा असे शास्त्र सांगते. काही मुलींना बाराव्या वर्षाच्या आतच ऋतू प्राप्त होतो. तेव्हा हा कायदा हिंदूंना धर्म मोडायला लावील. या आक्षेपाला संस्कृत पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर शास्त्रातूनच भिडले. धर्मशास्त्राचे ग्रंथ समोर ठेवून त्यांनी दाखवले, की हा संस्कार पुढे ढकलण्यास शास्त्राची आडकाठी नाही. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर ‘सांगितलेले नाही’ असे होते आणि तिसऱ्याचे ‘कायदा व्हावा’ असे. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून भांडारकरांच्या शास्त्रार्थाला आव्हान दिले आणि विधेयकाला कडाडून विरोध केला. परंतु याच टिळकांनी १८९० साली सुधारकांपुढे अशी सूचना ठेवली होती, की मुलींचे लग्न सोळा आणि मुलांचे वीस वर्षांच्या आत करणार नाही, विधवांचे केशवपन करणार नाही, हुंडा घेणार नाही अशा अटी सुधारणावाद्यांनी आधी स्वतःवर बंधनकारक करून घ्याव्यात. बारा वर्षांच्या कायद्याला विरोध करणारा माणूस सोळा वर्षांची शपथ मागत होता. त्यांचा मुख्य आक्षेप तिसऱ्या प्रश्नावर होता: समाजाच्या रीतिभातींत हात घालण्याचा अधिकार परक्या सरकारला कोणी दिला?

आगरकरांची भूमिका या दोघांहून वेगळी आणि माझ्या मते सर्वांत स्वच्छ होती. ‘सुधारक’ या आपल्या पत्रातून त्यांनी विधेयकाचे समर्थन केले, पण शास्त्रार्थाच्या आखाड्यात उतरण्याचे त्यांना कारण वाटले नाही. दहा वर्षांच्या मुलीच्या देहावर होणारा अत्याचार वाईट आहे हे ठरवायला विवेकबुद्धी पुरेशी आहे आणि तो थांबवण्यासाठी शास्त्राच्या संमतीची वाट पाहण्याचे कारण नाही, असा त्यांचा रोख होता.

आता हे तिघे एकाच सभेत बसले आहेत असे समजा आणि अध्यक्षांनी ‘विधेयकाच्या बाजूचे कोण, विरोधातले कोण’ एवढेच विचारले असे धरून चला. भांडारकर आणि आगरकर एका बाजूला जातील, टिळक दुसऱ्या बाजूला. आणि शास्त्राला किती मान द्यावा या मुद्द्यावर भांडारकर आगरकरांपेक्षा टिळकांच्या अधिक जवळ होते ही गोष्ट दडून जाईल. म्हणून तयारी करताना आपल्या तीन उत्तरांच्या शेजारी प्रतिपक्षाची तीन उत्तरे लिहावीत, आणि ती त्याला वाचून दाखवली तर तो ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणेल इतकी नेमकी लिहावीत. अशा कागदावर अनेकदा असे दिसते, की नीतीच्या प्रश्नावर मतभेद नाहीच. मतभेद आहे तो सत्तेच्या वापराबद्दल. तसे असेल तर प्रथा किती दुष्ट आहे हे तासभर सिद्ध करण्यात वेळ घालवू नये. कायद्यावाचून ती का थांबणार नाही, एवढेच सिद्ध करावे.

कायदा मुळातून वाचा

वादात ज्या कायद्याचे नाव घेतले जाते तो वाचलेली माणसे सभेत फार थोडी असतात. ही त्रुटी दूर करणे सर्वांत सोपे आहे, कारण राज्याचे अधिनियम मराठीत राजपत्रात प्रसिद्ध होतात, शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात आणि त्यांतील बरेचसे वीस पानांच्या आत संपतात.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा घ्या. त्याचे पूर्ण नाव नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबतचा आणि त्यांच्या समूळ उच्चाटनाचा असे लांबलचक आहे. अनेक वर्षे रखडलेल्या या विधेयकासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. मधल्या वर्षांत त्याविरुद्ध सर्वांत जास्त पसरलेली भीती ही होती, की कायदा झाला तर वारी, कीर्तन, पूजाअर्चा हे सारे गुन्हे ठरतील. ही भीती प्रामाणिकपणे बाळगणारे वारकरी पुष्कळ होते, आणि त्यांना हसण्यावारी नेणे चूक होते. सुरुवातीच्या मसुद्यांतील शब्दयोजना सैल असल्याची टीका सभागृहातही झाली आणि शब्द पुढे आवळले गेले.

संमत झालेल्या मजकुरात या भीतीचे उत्तर दोन ठिकाणी सापडते. पहिले ठिकाण म्हणजे अनुसूची, कारण तिच्यात जी कृत्ये लिहिली आहेत तीच या कायद्याखाली गुन्हा ठरतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे, अशी त्या यादीची सुरुवात आहे. पुढे साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र वा गंडेदोरे करण्याबद्दलचा परिच्छेद येतो. येथे ‘रोखून’ हा शब्द गुन्ह्याचा कणा आहे. घरच्यांनी मंत्र म्हटले आणि त्याच वेळी रुग्णाला दवाखान्यात नेले, तर हा परिच्छेद लागू होत नाही. चमत्काराविषयीचा परिच्छेद वाचला तरी असेच दिसते: चमत्कारावर श्रद्धा ठेवणे गुन्हा नाही, चमत्काराच्या नावाने पैसा मिळवणे, लोकांना ठकवणे, दहशत बसवणे हा गुन्हा आहे. दुसरे ठिकाण म्हणजे कायद्यानेच वगळलेल्या गोष्टींचे कलम. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन, घरातील आणि मंदिर-दर्ग्यांसारख्या स्थळांवरील उपासना, सण-उत्सव आणि मिरवणुका यांना हा कायदा लागू नाही असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. अनुसूचीतील गुन्ह्याला किमान सहा महिने आणि कमाल सात वर्षे कैद आहे, तसेच पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड.

या कायद्यावर सभेत बोलायचे असेल तर अनुसूची आणि वगळणूक या दोन पानांच्या छायाप्रती सोबत न्याव्यात आणि त्या मोठ्याने वाचाव्यात. ‘हा कायदा धर्माविरुद्ध आहे’ असे म्हणणाऱ्याला ‘यांपैकी कोणता परिच्छेद तुम्ही काढून टाकाल?’ असे नम्रपणे विचारावे. बहुतेक जण एकही काढू इच्छीत नाहीत. एखाद्याने काढलाच, तर त्या परिच्छेदावर होणारी चर्चा मूळ घोषणेवरील चर्चेपेक्षा पुष्कळ उपयुक्त असते. हाच नियम कायद्याच्या समर्थकांनाही लागू आहे: या कायद्याने फलज्योतिष बंद व्हायला हवे होते असे मानून तो तसा आहे असे सांगत सुटणारे लोक त्याचे हित करीत नाहीत.

समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की गोव्याचा दाखला दिला जातो. तो देणाऱ्याने तिथली पोर्तुगीज नागरी संहिता मुळात १८६७ सालची असून, तिच्यासोबत गोव्यातील हिंदूंच्या रीतिरिवाजांसाठी १८८० सालचा वेगळा हुकूम आहे आणि त्यात काही अटींवर पुरुषाला दुसरे लग्न करण्याची मुभा लिहिलेली आहे, इतके तरी सांगावे. चर्चमधील विवाहांसाठीही तिथे वेगळी तरतूद आहे. दाखला बाद होत नाही. विवाहात मिळवलेल्या मालमत्तेतील पतिपत्नींचा समान वाटा ही त्या संहितेतील मोठी गोष्ट आहे आणि ती सांगावीच. पण अपवादांसह सांगावी.

संविधानाचे कलम अर्ध्यावर तोडू नका

धर्मस्वातंत्र्याचे २५ वे कलम दोन्ही बाजू उद्धृत करतात आणि दोन्ही बाजू ते अर्धेच वाचतात. श्रद्धा बाळगण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क त्यात आहे. तो हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदी यांच्या अधीन आहे, हे त्याच वाक्यात लिहिलेले आहे. आणि धर्माशी जोडलेल्या आर्थिक वा ऐहिक व्यवहारांचे नियमन करणारे तसेच समाजसुधारणा करणारे कायदे राज्याला करता येतात, हे पुढच्या खंडात आहे. २६ वे कलम धार्मिक संप्रदायाला आपला धार्मिक कारभार पाहण्याचा हक्क देते. भाषणात हे कलम येणार असेल तर ते संपूर्ण लिहून न्यावे.

त्यातही दोन्ही बाजूंना हक्क असतात हे मान्य करूनच बोलावे, कारण न्यायालयांनाही ही गुंतागुंत सुटलेली नाही. मुंबई राज्याने १९४९ साली जातीतून किंवा समाजातून बहिष्कृत करण्यास मनाई करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली चार विरुद्ध एक अशा मतांनी तो रद्द केला. श्रद्धेचे रक्षण करण्यासाठी धर्मकारणावरून बहिष्कृत करणे हा संप्रदायाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे, असे बहुमताने म्हटले. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत वेगळे होते: बहिष्कृत माणसाची जी अवस्था होते ती त्याच्या प्रतिष्ठेला बाधक आहे आणि कायदा त्यापासूनच त्याचे रक्षण करतो. साठ वर्षांनंतर, फेब्रुवारी २०२३ मध्ये, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. माझा कौल सरन्यायाधीश सिन्हा यांच्याकडे आहे. परंतु ज्या प्रश्नावर अशी माणसे दुभंगली तिथे ‘यात काय वाद घालायचा’ हे वाक्य कोणाच्याही तोंडी शोभत नाही.

शास्त्राचा आणि परंपरेचा आधार घेताना

श्रद्धाळू श्रोत्यांपुढे परंपरेतील आधार परिणामकारक ठरतो यात शंका नाही, आणि वारकरी संतांच्या प्रदेशात सुधारणेला आतून आधार मिळणे अवघडही नाही. तरीही असा आधार घेण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: उद्या कोणी याच ग्रंथातून उलट वचन काढून दाखवले, तर मी माझी मागणी मागे घेईन काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपली मागणी त्या वचनावर उभी नाही. मग वचन पुरवणी म्हणून द्यावे, पाया म्हणून देऊ नये. भांडारकरांचा शास्त्रार्थ भक्कम होता, तरीही प्रतिपक्षाने प्रतिवचने आणलीच, आणि काही काळ सारा वाद दहा वर्षांच्या मुलीवरून उठून संस्कृत वचनांच्या अन्वयार्थावर जाऊन बसला.

आजही हे घडते. धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता हे त्या धर्माच्या सिद्धांतांवरून ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात म्हटले, तेव्हापासून न्यायाधीशांना ग्रंथ चाळावे लागत आहेत. न्यायालयाला ते टाळता येत नसेल, नागरिकाला येते. कोणाला इजा होते, कोणाचा मार्ग अडतो, कोणाला कमी लेखले जाते, या प्रश्नांवर उभा असलेला युक्तिवाद श्रद्धाळू आणि अश्रद्ध दोघांनाही तपासता येतो.

परंपरेच्या वयाबद्दल बोलताना पुराव्याची मागणी करावी. महाडच्या चवदार तळ्याच्या खटल्यात सवर्ण वादींचे म्हणणे होते, की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे. डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी यात प्रतिवादी होते. १९२७ च्या सत्याग्रहानंतर दहा वर्षांनी, मार्च १९३७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो असा, की ही अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. ‘हे पूर्वापार चालत आले आहे’ असे म्हटल्याबरोबर सभागृह गप्प होते, पण तो दावा आहे आणि इतर दाव्यांप्रमाणे त्यालाही पुरावा लागतो. उलट बाजूने, एखादी रूढी अलीकडची आहे एवढ्यानेच ती वाईट ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दोन्हीकडे एकच माप

आपला युक्तिवाद दुसऱ्या धर्माच्या प्रथेला लावून पाहावा, आणि मग तो आपल्याला तितकाच पटतो काय ते प्रामाणिकपणे तपासावे. २०१६ च्या एप्रिलमध्ये शनिशिंगणापूरबद्दल ज्या मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, त्याच न्यायालयाने ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यात महिलांना केलेली बंदी रद्द केली. एका निकालावर पेढे वाटणारे आणि दुसऱ्यावर मौन धरणारे लोक दोन्ही बाजूंना होते. अशा माणसाचे म्हणणे श्रोते कान देऊन ऐकत नाहीत, आणि त्यांनी का ऐकावे?

भोंग्यांच्या वादात हे माप फार उपयोगी पडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही; सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सांगितले. या नियमांत अजानही नाही, आरतीही नाही आणि डीजेही नाही. त्यांत आकडा आहे आणि वेळ आहे. तेव्हा संस्थेच्या बैठकीत हा विषय आला तर ‘त्यांचा भोंगा’ आणि ‘आमची मिरवणूक’ हे शब्द बाजूला ठेवून वेळ आणि डेसिबल यांवरच ठराव लिहावा, आणि तो वर्षभरातील प्रत्येक कार्यक्रमाला, संस्थेच्या स्वतःच्या गणेशोत्सवालाही, लागू असल्याचे त्यात नमूद करावे. ठराव मंजूर होणे त्यामुळे कठीण होईल. पण असा ठराव मंजूर झाला तर टिकेल, आणि एकाच समाजाला लक्ष्य केल्याचा आरोप त्यावर करता येणार नाही.

नीतीच्या नावाने केलेल्या कायद्यालाही हेच माप लावावे. महाराष्ट्राने २००५ साली डान्स बारवर बंदी घातली, परंतु तीन तारांकित आणि त्यावरील हॉटेलांना व क्लबांना त्यातून सूट दिली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा हा भेदभाव तिच्या मुळावर आला: जे नृत्य लहान बारमध्ये अनैतिक ते महागड्या हॉटेलात नैतिक कसे होते, याचे समाधानकारक उत्तर शासनाला देता आले नाही. दरम्यान हजारो महिलांची उपजीविका गेली होती. नीतीचा मुद्दा मांडणाऱ्याने आपली नीती ग्राहकाच्या खिशावर अवलंबून नाही ना, हे आधी पाहावे.

जिच्याविषयी वाद आहे ती सभेत आहे काय?

संमतिवयाच्या वादात बहुतांशी पुरुषच पुरुषांशी बोलत होते, हे आज वाचताना बोचते. त्याच्या काही वर्षे आधी रखमाबाईंनी मात्र स्वतःचे म्हणणे स्वतः मांडले होते. अकराव्या वर्षी झालेले लग्न त्यांनी मान्य केले नाही आणि नवऱ्याच्या घरी राहायला जाण्यास नकार दिला. त्यांचा खटला मुंबई उच्च न्यायालयात चालू होता तेव्हा, १८८५ साली, ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहून बालविवाहाने मुलींच्या शिक्षणाचे आणि आयुष्याचे काय होते ते सांगितले. १८८७ साली न्यायालयाने नवऱ्याकडे जा अथवा सहा महिने कैद भोगा असा पर्याय दिला, तेव्हा त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ साली पैसे देऊन प्रकरण मिटले. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. बालविवाहाविषयीच्या तत्कालीन लेखनात त्या पत्रांइतके ठाम काही मला आढळलेले नाही, कारण लिहिणारीवर तो प्रसंग गुदरलेला होता.

म्हणून सभा भरवणाऱ्याने वक्त्यांची यादी करण्यापूर्वी, या निर्णयाचा परिणाम प्रत्यक्ष कोणावर होणार आहे ते ठरवावे आणि त्यांच्यापैकी किमान एकाला पहिल्या दोन वक्त्यांत बोलायला द्यावे. शेवटी पाच मिनिटे देऊन आभारप्रदर्शनाकडे वळणे म्हणजे ऐकणे नव्हे. ती व्यक्ती उघडपणे बोलू शकत नसेल, तर तिचे लेखी निवेदन नाव न सांगता वाचावे.

अध्यक्षांनी आणखी काही गोष्टी पाळाव्यात. लिहून आणलेली मागणी प्रत्येक वक्त्याने पहिल्या मिनिटात वाचावी. ‘तुमचा धर्म’, ‘तुमचे लोक’ असा उल्लेख झाला तर तिथेच थांबवावे. धर्माच्या संस्थापकांविषयी, देवदेवतांविषयी अपशब्द निघाला तर सभा ताबडतोब तहकूब करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, हे प्रारंभीच जाहीर करावे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९९, म्हणजे जुन्या दंडसंहितेतील २९५-अ, धार्मिक भावना बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने दुखावण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगते. परखड टीका आणि दुष्ट हेतूचा अपमान यांत कायदा भेद करतो. परंतु तो भेद न्यायालयात सिद्ध होईपर्यंत वर्षे जातात, म्हणून सभेचे ध्वनिमुद्रण ठेवावे आणि लेखी भाषण जपून ठेवावे.

वादाचे रूपांतर धाकात झाले तर

सभेत बोलल्याबद्दल एखाद्या कुटुंबाशी रोटीबेटीव्यवहार तोडणे, त्याला लग्नाला न बोलावण्याचा फतवा काढणे, स्मशानभूमी किंवा समाजमंदिर वापरू न देणे, दंड आकारून ‘शुद्ध’ करून घेणे, असे प्रकार महाराष्ट्रात घडत आले आहेत आणि त्यांसाठी आता स्वतंत्र कायदा आहे. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा अधिनियम विधिमंडळाने २०१६ साली संमत केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे.

पीडित व्यक्ती किंवा तिच्या कुटुंबातील कोणीही पोलिसांकडे अथवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकते. तक्रारीत बहिष्काराचा निर्णय कोणत्या तारखेला, कोणत्या बैठकीत, कोणाच्या तोंडून जाहीर झाला ते लिहावे. त्यानंतर कोणत्या दुकानाने, कोणत्या नातेवाइकाने, कोणत्या कार्यक्रमात व्यवहार नाकारला त्याच्या नोंदी तारखेवार जोडाव्यात. मोबाइलवरील संदेश पुसू नयेत. अशी बैठक भरणार असल्याचे आधी कळले, तर ती रोखण्याचा आदेश देण्याचे अधिकारही दंडाधिकाऱ्यांना आहेत, तेव्हा बैठकीचे ठिकाण आणि वेळ कळवणारा अर्ज आदल्या दिवशीच द्यावा. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर प्रकरण आपसात मिटवता येते. गावात पुढेही राहायचे असलेल्या कुटुंबाला हा मार्ग अनेकदा अधिक सोयीचा वाटतो, आणि तो निवडायचा की नाही हे केवळ त्या कुटुंबाने ठरवावे. सल्लागारांनी, कार्यकर्त्यांनी किंवा गावच्या प्रतिष्ठितांनी त्यांच्या वतीने ठरवू नये.